संरक्षण आणि संवर्धन

पदव्युत्तर वर्गात नवा विषय हाती घेणारा विद्यार्थी बहुधा त्यातील निष्कर्ष प्रथम वाचतो व परिभाषेकडे शेवटी वळतो. संवर्धन-जीवशास्त्राच्या बाबतीत हा क्रम उलटा करणे इष्ट ठरेल. प्रस्तुत लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे. तथापि या शास्त्रातील एका चालू प्रश्नाचे आकलन दोन शब्दांमधील भेदापासून सुरू होते, असे त्यास वाटते.

‘संरक्षण’ हा शब्द ‘रक्ष्’ धातूपासून व ‘संवर्धन’ हा ‘वृध्’ धातूपासून सिद्ध झाला आहे. रक्षणास सीमा लागते. वर्धनाचा हिशेब पिढ्यांनी करावा लागतो. १९७२ च्या वन्यजीवविषयक अधिनियमाच्या नावात पहिला शब्द आहे, शास्त्राच्या नावात दुसरा.

वर्धा जिल्ह्यातील बोरच्या अरण्याचे उदाहरण घेऊ. १९७० मध्ये ते अभयारण्य झाले व २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्प. त्याचे गाभाक्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. विपुल भक्ष्य असलेल्या वनातही एका वाघिणीस साधारणतः वीस चौरस किलोमीटर क्षेत्र लागते, असे धरले तर येथे पिले वाढवू शकणाऱ्या वाघिणी बोटांवर मोजण्याइतक्याच राहणार. इतका लहान समूह एकाकी पडला, तर आप्तसंकर व आकस्मिक आपत्ती यांपुढे तो टिकणे कठीण. सीमेच्या आत रक्षण कितीही चोख असो, वर्धन सीमेबाहेरच ठरते.

वयात आलेले वाघ पेंच, मेळघाट, ताडोबा यांच्या दिशेने निघतात, ते कपाशी-तुरीच्या शेतांमधून व रस्ते ओलांडून. बोरचा ‘बाजीराव’ हा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. ही घटना अपघात म्हणून नोंदली जाते. संवर्धनाच्या दृष्टीने मात्र ती दोन वनांमधील दुवा तुटल्याची खूण होय. याच वाटेवर ज्याची गाय मारली जाते, तो शेतकरीही या प्रश्नाचा घटक आहे. त्यास वगळून काढलेला निष्कर्ष अपुराच राहील.

१९८५ मध्ये मायकेल सूले यांनी या शास्त्राचे स्वरूप मांडताना त्यास संकटकाळाचे शास्त्र मानले : सर्व पुरावा हाती येण्यापूर्वीच येथे निर्णय घ्यावा लागतो. म्हणूनच विद्यार्थ्याने कोणताही शोधनिबंध वाचताना प्रथम विचारावे, की येथे मोजले आहे ते काय : राखलेले क्षेत्र, की टिकणारी पिढी? पहिल्याचे उत्तर नकाशात मिळते. दुसऱ्यासाठी नकाशाच्या रेषेपलीकडील शिवार पायांखाली घालावे लागते.