मोबाइलमधला मुका रेडिओ

ऑगस्ट 2025 मध्ये लेंडी नदीला पूर आला आणि देगलूरशेजारच्या मुखेड तालुक्यातली काही गावं पाण्याखाली गेली. अशा वेळी वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तासांत संपते. मग इशाऱ्याचा मेसेज येणार कुठून?

फोनमधल्या एफएम रेडिओला ना सिम लागतं, ना इंटरनेट. एक प्रक्षेपक चालू असला की लाखो लोकांनी एकदम ऐकलं तरी त्याच्यावर ताण येत नाही. अनेक फोनांच्या चिपमध्ये ही सोय असतेही, पण कंपनी ती बंद ठेवते. इअरफोनची वायर हाच अँटेना असतो. अनेक नव्या फोनांतून इअरफोनचं भोकच गेल्यावर अँटेनाही गेला. अ‍ॅपवर लागणारा 'रेडिओ' मात्र नेटवरच चालतो, तो पुरात कामाचा नाही.

केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये कंपन्यांना एफएम सुरू ठेवायला सांगितलं, पण ती नुसती सूचना. सक्तीच हवी. शिवाय एफएमच्या लहरी फार लांब पोचत नाहीत. नांदेडपासून दूर, राज्याच्या सीमेवरच्या देगलूरसारख्या ठिकाणी प्रक्षेपणही दणकट हवं.

नवा फोन घेताना दुकानदाराला एफएम लावून दाखवायला सांगा, तेही नेट बंद करून.