खुब्यातली फट

चैत्रोत्सवाला सप्तशृंगी गडावर जायचं म्हणून सासूबाई हटून बसल्या होत्या. वय ७२, उजवा खुबा दुखतोय आणि वर म्हणे, "ट्रॉली कशाला? मी पायऱ्यांनीच चढणार." शेवटी ओढूनताणून कॉलेज रोडला डॉक्टरांकडे नेलं.

मी पडले आर्ट्‌सची. खुब्याचा गोळा उखळीत अगदी घट्ट जुळून बसतो, एवढंच मला ठाऊक. डॉक्टर हसले. "ताई, तो तंतोतंत जुळत नाही, हीच तर गंमत!"

बुलो, गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये हे दाखवून दिलं. भार थोडा असेल तेव्हा गोळा उखळीच्या पुढच्या-मागच्या बाजूंना टेकतो, वर छताशी बारीकशी फट राहते. पाऊल टेकलं, भार आला, की कूर्चा दबते, फट बुजते आणि सगळा पृष्ठभाग ओझं वाटून घेतो. पाय उचलला की फट पुन्हा उघडते, आत वंगणासारखा रस खेळतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिचं खाणंपिणं या रसातूनच. वय वाढलं की ही फट नाहीशी होत जाते.

आणि भार तरी किती? एका पायावर उभं राहिलं की वजनाच्या अडीच-तीनपट! तोल सावरायला बाजूचे स्नायूही खुबा आवळून धरतात ना, म्हणून. सासूबाई ६० किलोच्या, म्हणजे हिशेब करा. यासाठीच काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात हवी. आमच्या सासूबाई वर्षभर उजव्याच हातात धरत होत्या आणि "नीट धरा हो" म्हणून मीच त्यांना तसं शिकवलेलं! पिशवी मात्र दुखऱ्याच बाजूच्या हातात घ्यायची. हे मला अजूनही उलटंच वाटतं.

पुढच्या आठवड्यात बचत गटाच्या कामाला पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले. डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन एक बाई लंगडत येत होती, पस्तिशीची असेल. मी उत्साहाने काठीचं सांगू लागले. ती म्हणाली, "ताई, दोन्ही हात हंड्याला. काठी कुठं धरू?"

मी गप्पच झाले. नाशिकला एक्स-रे काढायला चल म्हटलं, तर त्या दिवशी पाणी कोण भरणार? बरीच बोलाचाली झाली. अखेर गटातल्या दोघी तिचे हंडे भरायला तयार झाल्या. येत्या सोमवारी जातोय.

सासूबाई गडावर जाऊन आल्या. ट्रॉलीने. काठी डाव्या हातात.