पहिलटकरीण आणि तिचे पहिले तीन दिवस

विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नांदेडच्या गावागावांतून बाळंतिणी येतात. पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यामुळे पहिलटकरणीच्या खाटेशी बहुधा तिची आई असते. असं दृश्य कुठल्याही प्रसूती कक्षात दिसतं: दुसऱ्या दिवशी बाळ रडू लागतं आणि कुणीतरी म्हणतं, "दूध उतरलंच नाही गं, वरचं पाजा थोडं." सहा महिने निव्वळ आईचं दूध मिळणार की नाही, हे पुष्कळदा तिथेच ठरतं.

त्या दिवशी शरीरात काय चाललेलं असतं? वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं, दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिनपुढचा अडसर निघतो आणि दोन-तीन दिवसांत दूध भरून येतं. पहिलटकरणीला, त्यातही सिझेरियन झालेलीला, थोडा जास्त वेळ लागू शकतो. तोवर असतो चीक. घट्ट, पिवळसर, मोजके चमचे. पण बाळाचं पोटही तेवढंसंच असतं आणि चिकातली प्रतिपिंडं त्याच्या आतड्याचं रक्षण करतात. गाईच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी कौतुकाने वाटायचा आणि आईचा चीक मात्र पिळून टाकायचा, याचं मला फार वाईट वाटतं.

वरचं दूध पाजलं की बाळ पेंगतं, ओढत नाही. स्तनात दूध साचून राहिलं की शरीर ते बनवणं कमी करतं. म्हणजे 'दूध पुरत नाही' ही नुसती शंका चार दिवसांत खरी होऊन बसते. पान्हा फुटतो ऑक्सिटोसिनमुळे, आणि भीती, वेदना, टोमणे यांनी तो अडतो. बुजलेली गाय पान्हा चोरते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

कॅनडातल्या परिचर्या-संशोधक सिंडी-ली डेनिस यांनी १९९९ मध्ये 'मला पाजता येईल' या आईच्या विश्वासाचा सिद्धांत मांडला. हा विश्वास येतो पूर्वीच्या अनुभवातून, इतरांना पाहून, धीर देणाऱ्या शब्दांतून आणि शरीर-मनाच्या स्थितीतून. पहिलटकरणीकडे यातला पहिला आधार नसतोच, म्हणून भोवतालच्या माणसांचं बोलणं तिला जास्त लागतं. डेनिस यांची प्रश्नावली पुढे चिनी मातांसाठीही वापरली गेली. तिथेही बाळंतीण महिनाभर घरात, सासूच्या किंवा आईच्या देखरेखीखाली राहते. आपल्या सव्वा महिन्यासारखंच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण जन्मानंतर तासाभरात छातीशी घेतलेली बाळं ४१.८ टक्केच. दवाखाना गाठला, तरी मधाचं बोट बाळाआधी तिथे पोहोचलेलं असतं. त्या मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. एप्रिलच्या उन्हात 'बाळाला तहान लागली असेल' म्हणून पाणी पाजतात. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं.

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून कळत नाही. पहिला आठवडा सरताना दिवसातून सहा वेळा तरी लघवी होते का आणि वजन वाढतंय का, हे पाहावं. वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं.

शेतमजूर आईचा प्रश्न आणखी वेगळा. २६ आठवड्यांची पगारी रजा नोकरदारणीला आहे, हळद काढायला जाणारीला नाही. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, पण तेवढ्यात सहा महिने निघत नाहीत.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा भेटी देतात. पहिल्या भेटीत त्यांनी आधी आजीजवळ बसावं. तिने स्वतः तीन-चार लेकरं अंगावर वाढवलेली असतात. ती गोष्ट तिने लेकीला सांगावी.