शेवटचे नऊ महिने

स्कॉटलंडमधल्या डफटाउन गावच्या बाल्वेनी डिस्टिलरीत डेव्हिड स्टुअर्ट यांनी ऐंशीच्या दशकात एक वाट पाडली. वयाच्या सतराव्या वर्षी, १९६२ साली, ते मालक कंपनीत साठ्याच्या नोंदी ठेवणारे कारकून म्हणून लागले होते. पुढे माल्ट मास्टर झाल्यावर त्यांनी बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपांत मुरलेली व्हिस्की शेवटी शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत भरायला सुरुवात केली. १९९३ पासून तीच ‘डबलवुड’ म्हणून विकली जाते. बाटलीवर वय बारा वर्षांचं. त्यात शेरीच्या पिंपातला मुक्काम जेमतेम नऊ महिन्यांचा.

एवढ्यात असं काय घडतं? बर्बनचं पिंप अमेरिकन ओकचं. त्यातून व्हॅनिला, मध, खोबऱ्याचा गोडवा येतो. इथलं शेरीचं पिंप युरोपियन ओकचं. त्यात टॅनिन जास्त, म्हणून जिभेला किंचित तुरटपणा आणि लवंगेसारखा मसालेदारपणा जाणवतो. शिवाय त्या लाकडात ओलोरोसो शेरी मुरलेली असते. ही शेरी हवेच्या संपर्कात जुनी होते, त्यामुळे तिला अक्रोडाचा, सुक्या अंजिराचा वास असतो. व्हिस्कीतलं कडक अल्कोहोल हे सगळं ओढून घेतं. रंगही गडद होतो.

पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला यायची आणि रिकामी पिंपं व्हिस्कीवाल्यांना स्वस्तात मिळायची. ऐंशीच्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचा नियम झाला आणि तो ओघ आटला. आता स्पेनमधल्या हेरेसमध्ये खास व्हिस्कीसाठी नवी पिंपं बनवून घेतात, त्यांत वर्ष-दोन वर्षं शेरी ठेवतात, मग ती काढून पिंपं उत्तरेला धाडतात. त्या शेरीचा बराचसा भाग पुढे व्हिनेगरसाठी किंवा ऊर्ध्वपातनासाठी जातो. म्हणजे इथे दारूसाठी पिंप नाही, पिंपासाठी दारू! मला यात फसवणूक दिसत नाही. चवीसाठी घेतलेली ही मेहनतच आहे.

मात्र मूळ व्हिस्की कच्ची असेल, तर शेरी तिला तारत नाही. शेरीच्या पिंपात व्हिस्की फार वेळ ठेवली, तर मनुकांचीच चव उरते, सातूची हरवते. गोव्यात कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीतही शेरीची पिंपं वापरतात. तिथल्या उकाड्यात व्हिस्की झपाट्याने मुरते आणि उडूनही भराभर जाते. तिथे पिंपावर नजर आणखी बारीक ठेवावी लागते.

फरक स्वतः पाहायचा असेल, तर बाल्वेनीचीच बारा वर्षांची, फक्त बर्बनच्या पिंपातली ‘सिंगल बॅरल’ आणि ‘डबलवुड’ शेजारी ठेवा. पहिली जास्त कडक असते, तेव्हा तिच्यात थोडं पाणी घाला. आणि आधी नुसता वास घ्या.