'वॉव' आणि आपले आश्चर्योद्गार

हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं 'वॉव' हा इंग्रजी उद्गार फार रुळला आहे. शब्द लहान खरा. तथापि तो कोठून आला, त्याचा अर्थ काय व तो कोठें योजावा, याचा थोडा विचार करणें हितकर होईल असें आम्हांस वाटतें.

हा शब्द प्रथम आढळतो तो स्कॉटलंडच्या भाषेंत. गेव्हिन डग्लस या कवीनें व्हर्जिलच्या 'ईनिड' या लॅटिन महाकाव्याचें स्कॉट भाषेंतील भाषांतर 1513 सालीं पुरें केलें. त्यांत तो आहे. रॉबर्ट बर्न्स यानेंही 1791 सालीं प्रसिद्ध झालेल्या 'टॅम ओ शँटर' या काव्यांत तो योजिला आहे. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं तो अमेरिकेंत विशेष रूढ झाला, आणि 1920 नंतर थोड्याच वर्षांत तेथें तो नाम व क्रियापद म्हणूनही चालूं लागला.

या शब्दाची व्युत्पत्ति दुसऱ्या कोणत्याही शब्दापासून होत नाहीं. आश्चर्यानें तोंड उघडतांना सहज निघणारा हा ध्वनि होय. आपल्या व्याकरणांत अशा शब्दांस केवलप्रयोगी अव्यय म्हणतात. 'अबब' व 'अहाहा' हे त्याच जातीचे.

परंतु दोहोंत एक भेद आहे. नीरेस आलेला महापूर पाहून शिरवळचा मनुष्य 'अबब' म्हणेल. त्यांत विस्मयाबरोबर भयही आहे. पूर ओसरल्यावर कांठचीं हिरवीं शेतें पाहून तो 'अहाहा' म्हणेल. येथील खडकांत कोरलेलीं बौद्ध लेणीं पाहून 'वाहवा' म्हणेल, आणि जुना मित्र अकस्मात् भेटल्यास 'अरेच्चा'. 'वॉव' हा या चारही ठिकाणीं चालतो; म्हणूनच बोलणारा चकित झाला एवढेंच त्यावरून कळतें, कशानें झाला तें कळत नाहीं.

'शाबास' हा शब्द तर याहून मोलाचा. तो फारसी 'शाद बाश', म्हणजे 'आनंदी राहा', यापासून आला आहे. 'वॉव' म्हणणारा स्वतःचें आश्चर्य प्रकट करितो. 'शाबास' म्हणणारा दुसऱ्यास स्तुतीबरोबर आशीर्वादही देतो.

मित्रमंडळींत 'वॉव' म्हणण्यास हरकत नाहीं. औपचारिक इंग्रजी लेखनांत मात्र तो शोभत नाहीं, आणि मराठी निबंधांत त्याची गरजच नाहीं. विद्यार्थिमित्रहो, परकी शब्द अवश्य शिका. पण त्यापायीं घरचे पांच शब्द गमावूं नका. आपला सोबती परीक्षेंत उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाला, तर त्याच्या पाठीवर हात ठेवून 'शाबास'च म्हणा.