ऊसबिलाचे देणे आणि ताळेबंद : अकलूज परिसरातील दोन हिशेबपद्धती

माळशिरस तालुक्यातील अकलूज परिसरात साखरधंद्याची दोन भिन्न रूपे शेजारीशेजारी नांदत आहेत. माळीनगर येथील दि सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी कायद्याखालील संस्था होय; अकलूजचा सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील सहकारी साखर कारखाना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ह्याखाली येतो. दोन्ही प्रकारच्या संस्थांचा कच्चा माल एकच आणि तो पुरविणारा ऊसउत्पादकही त्याच शिवारांतला. परंतु त्याचे देणे ताळेबंदात कसे दाखवावे ह्याविषयीचे नियम मात्र एक नाहीत. अलीकडील सुधारणांनी हे अंतर वाढविले असल्यामुळे त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम ह्या देण्याचे स्वरूप पाहू. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ ह्यान्वये ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत चुकती करावी लागते. विलंब झाल्यास द.सा.द.शे. १५ दराने व्याज द्यावे लागते. हा नियम कंपनीस व सहकारी संस्थेस सारखाच लागू आहे. म्हणजे मुदत उलटताच मुद्दलाबरोबर व्याजाचेही दायित्व निर्माण होते. तरतुदी व संभाव्य दायित्वे ह्यांविषयीच्या लेखामानक २९ चे तत्त्व असे की, गतकाळातील घटनेमुळे बंधन उत्पन्न झाले असेल, रक्कम द्यावी लागण्याचा संभव असेल आणि तिचा विश्वसनीय अंदाज करता येत असेल, तर तिची तरतूद केलीच पाहिजे. शेतकऱ्याने व्याज मागितले नाही, एवढ्याने हे बंधन नाहीसे होत नाही.

दुसरा प्रश्न देण्याच्या रकमेचा. २००९ पासून केंद्र शासन उसाचा रास्त व किफायतशीर दर ठरविते. त्यावर महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने उत्पन्नातील वाट्याच्या तत्त्वाची जोड दिली. साहजिकच अंतिम दर हंगामानंतर ठरतो, तर हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. त्या दिवशीचे देणे काही अंशी अंदाजाचेच असते. सहकारी कारखान्यात आणखी एक गुंता आहे. तेथे शेतकरी विक्रेता व भागधारक अशा दुहेरी नात्याने उभा असतो. त्याला मिळणारी जादा रक्कम उसाची किंमत की नफ्याची वाटणी? तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, जादा दरातील नफ्याच्या वाटणीचा भाग खर्च म्हणून वजा करता येणार नाही. उरलेला भाग मात्र खर्चच होय. तत्पूर्वी २०१५ च्या वित्त अधिनियमाने शासनाने ठरविलेल्या वा मान्य केलेल्या दरापर्यंतची ऊसखरेदी सहकारी कारखान्यांना प्राप्तिकरासाठी वजावटीस पात्र ठरविली होती.

आता प्रकटनाकडे वळू. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २०२१ साली फेरफार होऊन व्यापारी देण्यांची कालावधीनुसार वर्गवारी सक्तीची झाली : एक वर्षाहून कमी, एक ते दोन वर्षे, दोन ते तीन वर्षे आणि तीन वर्षांहून अधिक. वादग्रस्त देणी निराळी दाखवावी लागतात. सहकारी संस्थांचा ताळेबंद मात्र १९६१ च्या नियमांतील नमुना ‘एन’ प्रमाणे मांडला जातो. त्यात देण्याची एकूण रक्कम दिसते, तिचे वय दिसत नाही. २०१३ च्या सुधारणेने शासनमान्य नामिकेतील हिशेबतपासनीस नेमण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला दिला. परंतु नेमणुकीचा अधिकार आला म्हणून वाचावयाचे पत्रक अधिक बोलके झाले असे नाही.

तथापि कंपनीचा नमुना उचलून सहकारी संस्थांना लावला की प्रश्न सुटेल, ही समजूतही बरोबर नाही. ऊसबिलाची कायदेशीर मुदत १४ दिवसांची आहे, आणि कंपनीच्या वर्गवारीतील पहिला रकाना तब्बल एक वर्षाचा. डिसेंबरात तुटलेल्या उसाचे बिल ३१ मार्चपर्यंत थकले, तरी ते त्याच रकान्यात पडते. दोन दिवस थकलेले बिल व दहा महिने थकलेले बिल ह्यांत हे पत्रक भेद करीत नाही. शेतकऱ्याचे पीककर्ज, पुढील लागवड व मुलांचे शिक्षण ज्या काही महिन्यांच्या विलंबाने अडते, तो विलंब एका नमुन्यात मुळीच दिसत नाही आणि दुसऱ्यात एकाच बेरजेत बुडून जातो.

ह्यावरून निष्कर्ष असा की, प्रकटनाचे माप व्यवहाराच्या कायदेशीर मुदतीवरून घ्यावयास हवे. मुदतीच्या आतील देणे, मुदत उलटलेले देणे व त्यावरील व्याज अशा तीन ओळी दोन्ही नमुन्यांत घातल्यास फारसा खर्च येणार नाही. कारण वजनपावतीवर ऊस पोचल्याची तारीख असतेच. ती तारीख ताळेबंदापर्यंत पोचविणे, एवढेच काय ते उरते.