पूर ओसरताना: प्रशासन काय सांगतं, आपण काय ऐकतो

पावसाळ्यात कोल्हापूर-सांगलीत फोन आला की ख्यालीखुशालीच्या आधी प्रश्न येतो, "किती फूट?" उत्तर तयारच असतं, कारण आकडा दर तासाला मोबाइलवर येत असतो. त्याच्या मागोमाग धरणांचा विसर्ग, बंद रस्त्यांची यादी, टँकरचं वेळापत्रक आणि पंचनाम्याच्या तारखा येतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर जिल्हा प्रशासनं आणि महापालिका या बाबतीत बऱ्याच सुधारल्या आहेत. माहिती आता पोचते. मात्र ती वाचताना आपण तिच्यात आपल्या सोयीचा अर्थ भरतो, आणि पाण्यानं जे नेलं नाही ते नंतरच्या आठवड्यात आपणच घालवून बसतो.

"धोका पातळीखाली आलं, चला घरी"

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात, तिथं हेच आकडे ४० आणि ४५ आहेत. २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर आणि आयर्विनजवळची कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. एवढं पाहिल्यावर "पातळी ४३ च्या खाली" ही बातमी सुटकेची वाटणारच.

पण तो आकडा त्या एका जागेवरच्या मोजपट्टीचा आहे, तुमच्या उंबऱ्याचा नव्हे. कोल्हापुरात सुतारवाड्यातल्या कुटुंबांना धोका पातळीची वाट न पाहताच चित्रदुर्ग मठात हलवावं लागतं, कारण तो भागच सखल. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट यांचीही तीच गत. म्हणजे नदी बंधाऱ्यावर "सुरक्षित" झाली तरी इथल्या घरांत पाणी असू शकतं. उंचावरच्या पेठांत नेमकं उलट चित्र दिसतं.

दुसरं म्हणजे उतरण्याचा वेग. पंचगंगा फुटांनी चढते आणि इंचांनी उतरते, हे इथं लहान पोरालाही ठाऊक आहे. कारण नृसिंहवाडीत आहे. पंचगंगा तिथं कृष्णेला मिळते आणि कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढं सरकायला जागाच मिळत नाही. कोल्हापुरात लख्ख ऊन पडलेलं असताना शिरोळ तालुक्यातली गावं पाण्यात असतात, ती याच कारणानं.

यावर एक साधा उपाय नदीकाठच्या जुन्या घरांत चालत आला आहे. आपल्या पायरीला पाणी लागलं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होतं, तो आकडा भिंतीवर लिहून ठेवायचा. मग सरकारी आकडा खरोखर कामाला येतो. भाड्यानं नव्यानं राहायला आलेल्यांनी हा आकडा घरमालकाला करारावर सही करण्याआधीच विचारावा.

"धरणाचं पाणी सोडलं म्हणून बुडालो"

हा समज सगळ्यात चिवट आहे, आणि तो पूर्ण खोटा नसल्यानंच चिवट आहे. म्हणून जरा आकडे बघू.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, कोणी साहेब बटण दाबत नाही. एका दरवाजातून साधारण १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, जवळपास २८ लिटर. सातही दरवाजे उघडले तर विसर्ग १०,००० क्युसेकच्या आसपास जातो. एक टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी सोडायला सुमारे ११,५०० क्युसेकनं अख्खा दिवस लागतो. म्हणजे सातही दरवाजे चोवीस तास उघडे राहिले तरी एक टीएमसी भरत नाही. "चौथा दरवाजा उघडला" या बातमीनं पोटात गोळा येतो खरा, पण नदी फुगवणारं पाणी धरणाखालच्या मोकळ्या मुलखातूनही येतं. भोगावती, कासारी, कुंभी आणि तुळशीच्या खोऱ्यांत कोसळणारा पाऊस कोणत्याही दरवाजाची परवानगी मागत नाही. कृष्णेच्या उगमाकडं, महाबळेश्वरला, २०२१ च्या २२ ते २३ जुलैच्या चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. मुंबईच्या माणसालाही हा आकडा दोनदा वाचावा लागेल.

मग कर्नाटकातलं अलमट्टी धरण? २०१९ नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनं पुराचं मुख्य कारण अलमट्टीत शोधलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली, पूररेषेतली अतिक्रमणं यांवर तिचा भर होता. सांगली भागातले अनेक अभ्यासक आणि कार्यकर्ते हा निष्कर्ष मानत नाहीत, आणि धरणाची उंची वाढवण्याला महाराष्ट्राचा विरोधही आहे. तो वाद चालू राहील. जुलैअखेर धरणं किती भरू द्यायची, हा प्रश्न तर आपल्या पाटबंधारे खात्याला विचारायलाच हवा. पण सगळं खापर कर्नाटकावर फोडलं की आपल्या गावच्या ओढ्यावर उभ्या राहिलेल्या मंगल कार्यालयाकडं कोणी बघत नाही, ही मोठी सोय आहे.

"धरण फुटलं" असा निरोप आला तर तो पुढं ढकलू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीबाबत खोटी घबराट पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. शंका असेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे.

"शंभर वर्षांतला पूर येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही"

पूररेषेच्या नकाशावर निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. याचा अर्थ दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता अनुक्रमे ४ आणि १ टक्का, इतकाच. नदी पंचांग बघून येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ ही वर्षं ज्यांनी एकाच घरात काढली, त्यांना हे सांगावं लागत नाही.

"नळाला पाणी आलं, तुरटी फिरवली, झालं"

महापुरात पिण्याच्या पाण्याचीच बोंब होते, हे बाहेरच्याला चमत्कारिक वाटतं. पण कोल्हापूरच्या बालिंगा, शिंगणापूर या उपसा केंद्रांचे पंपच पाण्यात जातात. ते वर काढून, वाळवून, दुरुस्त करून सुरू व्हायला दिवस लागतात. त्यानंतर महापालिका "पाणीपुरवठा सुरळीत" असं कळवते, तेव्हा त्याचा अर्थ पंप चालू झाला आणि नळाला पाणी येईल, इतकाच घ्यावा. मधल्या जलवाहिन्यांत गाळ आणि गटाराचं पाणी शिरलेलं असू शकतं. सुरुवातीचं गढूळ पाणी सोडून द्यायचं आणि पुढचे काही दिवस पाणी खळखळ उकळूनच प्यायचं.

तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी काचेसारखं नितळ दिसलं तरी त्यातून कावीळ आणि गॅस्ट्रो होऊ शकतो. आरोग्य खात्याकडून मेडिक्लोरची बाटली मिळते. ती माणशी नव्हे, तर पाण्याच्या मापानं वापरायची असते. बाटलीवर लिहिलेले थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. अनेकांना पाण्याला औषधाचा वास आला की "जास्त टाकलंय" असं वाटतं आणि ते पाणी ओतून देतात. खरं तर नळाच्या शेवटच्या टोकाला थोडा क्लोरीन शिल्लक असणं हीच पाणी शुद्ध असल्याची खूण. ग्रामपंचायतीचा पाणीवाला ओटी टेस्टमध्ये तेच बघतो: नळीतलं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंग आलाच नाही तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पुन्हा टाकावं लागणार. तो दारात आला तर त्याला नळ दाखवा, हुज्जत घालू नका.

घर धुताना ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. चिखलात अनवाणी फिरलेल्यांनी अंगात ताप भरला तर "दमलोय" म्हणून अंगावर काढू नये. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा फक्त उंदरांचा आजार नाही, गुरं आणि कुत्र्यांच्या मूत्रातूनही तो पुराच्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या चिरेतून शरीरात शिरतो. गोळ्या मिळतात, त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्याव्यात.

विजेबाबत थोडक्यात: शेजारच्या गल्लीत दिवे लागले म्हणून वायरमनशी भांडू नका. रोहित्र कोरडं झालं तरी तुमचं मीटर आणि बोर्ड ओले असतील तर मेन स्विच खालीच राहू द्या. महावितरणला १९१२ वर कळवता येतं.

"पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही"

या एका समजापायी लोक आठ-आठ दिवस कुजक्या गाद्यांच्या वासात राहतात. पंचनाम्यासाठी चिखल राखून ठेवायची गरज नाही. आधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, पडलेली भिंत, भिजलेलं धान्य, घराचा दर्शनी भाग आणि घर क्रमांक. मोबाइलमध्ये तारीख-वेळ येईल असं बघा. मग खुशाल साफसफाई करा. जनावर दगावलं असेल तर मात्र पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

खासगी विम्याचं गणित वेगळं. दुकानाचा किंवा गाडीचा विमा असेल तर कंपनीला तातडीनं कळवून सर्व्हेअरची वाट पाहावी लागते, माल परस्पर उकिरड्यावर टाकला की दावा अडकतो. बुडालेली गाडी "चालतेय का बघू" म्हणून सुरू करू नका. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली तर ते नुकसान तुमच्या चुकीचं ठरवून साध्या पॉलिसीत नाकारलं जाऊ शकतं. पीक विमा आणि सरकारी मदत यांचीही अशीच गल्लत होते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक मिळून करतात तो पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. विम्याचे नियम निराळे, आणि एकाचं मिळालं म्हणून दुसरं बंद होत नाही.

आता पैशाचं. रक्कम तलाठी ठरवतो, हा समज गावोगाव आहे. बिचारा तलाठी नुकसान नोंदवतो. दर ठरतात ते केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषांनुसार आणि त्यावर राज्य सरकार काढतं त्या शासन निर्णयानुसार. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये प्रति कुटुंब होते. पिकासाठी नुकसान किमान ३३ टक्के हवं होतं, आणि जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही २ हेक्टरच्या मर्यादेत. राज्य यात भर घालू शकतं. २०१९ मध्ये पूरग्रस्त कुटुंबाला ग्रामीण भागात १०,००० आणि शहरात १५,००० रुपये जाहीर झाले होते. २०२१ मध्ये सरसकट १०,००० झाले. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर शेतीसाठी मर्यादा २ ऐवजी ३ हेक्टर केली गेली. म्हणजे दर वेळी आकडा बदलतो. गेल्या पुराचा शासन निर्णय या वर्षी गटावर फिरवणारा माणूस सद्भावनेनंच दिशाभूल करत असतो. वरची तारीख बघितल्याशिवाय कुठलाही कागद खरा मानू नये.

घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असावं, ही अट केंद्राच्या निकषांत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोफत धान्यासाठी ती लावल्यावर लोक भडकले होते, आणि योग्यच भडकले होते. छपरावर बसलेल्या माणसाला तासांचा हिशोब मागणं हे सरकारी कागदालाच सुचू शकतं. नंतर राज्यानं ती अनेकदा शिथिल केली. त्यामुळे "एकच दिवस पाणी होतं, आपलं नाव लागणार नाही" असं स्वतःच ठरवून घरी बसू नका. भाडेकरूंनीही बसू नये. घराच्या पडझडीची मदत मालकाची, पण भिजलेले कपडे आणि वाहून गेलेली भांडी तिथं राहणाऱ्या कुटुंबाची असतात, आणि त्याची मदतही त्याच कुटुंबाला.

मंत्र्यांनी बांधावर उभं राहून आकडा सांगितला की लोक दुसऱ्या दिवशी बँकेत जातात. घोषणेनंतर शासन निर्णय, मग निधी, मग याद्या, आणि शेवटी आधार जोडलेल्या खात्यात रक्कम, असा तो रस्ता आहे. शेतीच्या मदतीत यादीतल्या नावापुढं विशिष्ट क्रमांक असतो, त्यावर ई-केवायसी राहिलं तर पैसे सरकारकडंच पडून राहतात. दलालाला टक्केवारी देऊन यातलं काहीही लवकर होत नाही. उलट खोटा दावा केला तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्याच कलम ५२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

याद्या ग्रामपंचायतीत किंवा चावडीवर लागल्या की जाऊन स्वतः वाचा, सरपंचांनी "आहे तुमचं नाव" म्हटलं तरी. नाव नसेल, खाते क्रमांक चुकला असेल किंवा पडझडीचा प्रकार कमी दाखवला असेल, तर तहसीलदारांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करा, फोटो जोडा, आणि आवक शिक्क्याची पोच हातात घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका.